टेस्ट किटवर शून्य आणि टँकभर शेवाळ: आमच्या रीफ टँकचे नऊ महिने

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी चिमटा, जुना टूथब्रश आणि बादली घेऊन आमच्या रीफ टँकसमोर, म्हणजे कोरल आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर, बसले होते. डावीकडच्या मोठ्या रॉकवर आमच्या झोआंची (बटणासारखी तोंडं असलेले मऊ कोरल) सगळ्यात जुनी कॉलनी होती, म्हणजे असायला हवी होती, पण दिसत होतं ते फक्त हिरवं गवत, बोटभर लांब, वेव्हमेकर पंपाच्या झोतात हलणारं. घरी येणारे पाहुणे म्हणायचे, किती मस्त हिरवंगार दिसतंय. चिमट्यात धरून ओढलं की ते केसासारखं ताणलं जायचं आणि मधूनच तुटायचं, मुळाकडचा भाग रॉकला तसाच चिकटलेला. अर्ध्या तासाने त्याच्या खालून झोआंची पाच-सहा तोंडं सापडली, मिटलेली, राखाडी पडलेली, देठं उजेडाकडे ताणून लांब झालेली. जानेवारीतल्या फोटोत त्याच जागी चाळीसच्या वर मोजता येतात.

त्याच दिवशी सकाळी मी पाणी तपासलं होतं. शेवाळ ज्यावर वाढतं ते नायट्रेट शून्य आणि फॉस्फेटही शून्य. या दोन शून्यांवर आम्ही तीन महिने फसलो, म्हणून सगळं क्रमाने आणि आकड्यांसकट लिहून ठेवतेय, कुणाच्या टँकमध्ये हेच चालू असेल तर निदान त्यांचे तीन महिने वाचतील.

आधी टँकबद्दल. ४ फूट बाय दीड बाय दीड, खाली सम्प (फिल्टरची टाकी), रॉक आणि वाळू वजा जाता सगळं मिळून साधारण २५० लिटर पाणी. मासे म्हणजे दोन क्लाऊन, शेवाळ चरणारा एक लॉनमोअर ब्लेनी आणि एक रॉयल ग्रामा, बाकी मऊ कोरल, झोआ, मश्रूम आणि एक लेदर. दगडी कोरल आमच्याकडे नाहीत आणि ठेवणारही नाही, कारण रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, कुणी गुपचूप देतो म्हणालं तरी घेऊ नका. रॉक हाताने बनवलेले, सिमेंट आणि शिंपल्याच्या चुऱ्याचे, मुंबईतल्या एकाने टँक बंद केला त्याच्याकडून सेकंडहँड घेतलेले. हे रॉक लक्षात ठेवा, पुढे लागतील.

घर नाशिकच्या पाथर्डी फाट्याला, मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीमध्ये, नवऱ्याची शिफ्ट असते, त्यामुळे दिवसभर टँकजवळ असतात ते माझे सासरे. नाना प्रेसमधून रिटायर झालेत, नजर एकदम बारीक, कुठला मासा आज कमी खातोय ते त्यांना माझ्या आधी कळतं.

शेवाळाची सुरुवात मार्चमध्ये झाली, होळीच्या आसपास. आधी सम्पमधून पाणी परत येतं त्या नोझलवर हिरवी लव, मग रॉकच्या माथ्यावर, मग एप्रिलच्या उन्हाळ्यात असं सुटलं की आठवड्याला वाटीभर काढावं लागायचं. ज्याला विचारावं तो दोनच गोष्टी सांगायचा, लाइट कमी करा आणि खाणं कमी करा. दोन्ही केलं. लाइट दहा तासांवरून सहावर आणला, पांढरा आणि लाल चॅनल जवळजवळ बंद. खाणं निम्मं केलं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण सगळ्यांनी बोट नानांकडे दाखवलं होतं, की तुम्ही दुपारी जास्तीची चिमूट टाकता म्हणून हे झालं. नाना काही बोलले नाहीत पण त्यांनी खाण्याच्या डबीला हात लावणंच बंद केलं. तीन आठवडे मासे अर्धपोटी राहिले आणि शेवाळाला काडीचाही फरक पडला नाही.

मग एप्रिलच्या शेवटी तीन दिवसांचा ब्लॅकआउट, टँकला चारी बाजूंनी जाड चादरी. चौथ्या दिवशी शेवाळ फिकट पिवळं पडलं होतं, आम्ही खूश. दहा-बारा दिवसांत ते पुन्हा जसंच्या तसं, उलट थोडं दाटच. आता कळतं की असं होणारच होतं, शेवाळ टँकच्या आतच मेलं आणि कुजलं की त्याने खाल्लेलं सगळं पाण्यात परत येतं, आणि लाइट लागला की तेच खाऊन नवीन उगवतं. मारायचं असेल तर आधी हाताने जितकं निघेल तितकं बाहेर काढा आणि मग अंधार करा, आम्ही उलटं केलं होतं.

फ्लुकोनाझोलचाही विचार झाला. बुरशीवरचं औषध आहे, आपल्याकडे १५० मिलिग्रॅमची कॅप्सूल सहज मिळते आणि हौशी लोक साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम टाकतात, म्हणजे आमच्या टँकला आठेक कॅप्सूल. ब्रायॉप्सिस नावाच्या शेवाळावर ते खरंच काम करतं. पण ब्रायॉप्सिस ओळखायला सोपं आहे, त्याची प्रत्येक काडी पिसासारखी असते, मधे दांडी आणि दोन्ही बाजूंना बारीक फाटे. आमचं साधं केसाळ होतं, फाटे नाहीत. आणि मुख्य म्हणजे हे खातंय कुठून ते कळलं नसताना औषध टाकून काय होणार, ब्लॅकआउटसारखंच झालं असतं. म्हणून नाही टाकलं, आणि तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

मामांचा प्रश्न

माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. मेच्या शेवटी ते नाशिकला लॅबमध्ये देठ द्यायला आले होते, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांच्या आसपास काडीत सूक्ष्म घडनिर्मिती चालू असते तेव्हा बागायतदार पानाचे देठ तपासून घेतात. काम झाल्यावर घरी जेवायला आले आणि टँकसमोर उभे राहिले.

"काय गं, एवढं गवत कशाचं?"

मी सगळं सांगितलं, टेस्ट शून्य येते तेही सांगितलं.

"कुठलं पाणी तपासलंस?"

"टँकमधलंच की मामा."

"अगं पण टँकमधलं तर हे गवत पिऊन टाकतंय ना. आमच्याकडं तण माजलं की माती परीक्षणात नत्र कमीच दिसणार, म्हणून काय रानात नत्र आलंच नाही म्हणायचं का? आम्ही माती वेगळी देतो, विहिरीचं पाणी वेगळं, देठ वेगळे. येतंय कुठून ते बघ आधी."

मी रोज हेच काम करते, कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की प्रत्येक स्टेजला मोजत मागे जातो, आणि घरी मात्र मी फक्त शेवटच्या स्टेजला मोजत होते. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सहा काचेच्या बाटल्या घेतल्या आणि पाणी जिथून येतं तिथून सुरुवात केली.

कॉर्पोरेशनचं पाणी, गंगापूर धरणाचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) १४०, नायट्रेट जेमतेम, आकडे सगळे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. बिल्डिंगच्या टाकीतलं पाणी, टीडीएस ४१०, नायट्रेट २५ च्या आसपास, कारण उन्हाळ्यात सोसायटी बोरचं पाणी मिसळते. आरओमधून निघालेलं, टीडीएस ९६. इथे मी थांबले, कारण जानेवारीत हेच १८ होतं. नायट्रेट ७. आणि त्यानंतरचं, डीआय रेझिनमधून (आरओनंतर उरलेले क्षार पकडणारे दाणे) आलेलं, जे शून्य असायला हवं, त्याचा टीडीएस ९१ आणि नायट्रेट ११. फॉस्फेट ०.०५.

म्हणजे रेझिनमधून पाणी आणखी खराब होऊन बाहेर पडत होतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रेझिन भरलं की ते नुसतं काम थांबवून बसत नाही. ज्या आयनांना ते घट्ट धरतं, उदाहरणार्थ सल्फेट, ते येत राहतात आणि आधी पकडलेल्या सैल आयनांना ढकलून बाहेर काढतात, त्यात नायट्रेट आलं आणि त्याच्याही आधी सिलिकेट. त्यामुळे संपलेलं रेझिन काही काळ आत जातंय त्यापेक्षा जास्त नायट्रेट बाहेर सोडतं.

आणि रेझिन इतक्या लवकर का संपलं? आमचा टँकचा पाइप स्वयंपाकघरातल्या आरओवरूनच घेतलेला. फेब्रुवारीत त्याचं वार्षिक सर्व्हिसिंग झालं, तेव्हा आलेल्या मुलाने पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलरचा व्हॉल्व्ह उघडला. हा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती आरओमध्ये असतो, तो आरओच्या पडद्यातून आलेल्या पाण्यात थोडं त्यातून न गेलेलं पाणी मिसळतो. प्यायला काही वाईट नाही, पण टँकला म्हणजे थेट बोरचं पाणी. डीआयनंतरचा टीडीएस मी महिन्यातून एकदा बघायचे, फेब्रुवारीत बघितला तेव्हा रेझिन अजून तग धरून होतं म्हणून शून्य आला, मार्च-एप्रिलमध्ये शेवाळाच्या मागे लागले आणि बघायचा राहिला. चूक माझीच.

आता यातला नाशिकचा भाग. आमच्याकडे चिलर नाही, एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या घरात असताना दोन पंखे पाण्यावर लावून आम्ही टँक २७ ला ठेवतो, आणि ते जमतं कारण आपली हवा कोरडी आहे, मुंबईच्या दमट हवेत पंख्याने एवढा फरक पडत नाही. पण पंख्याने थंड होतं म्हणजे पाणी उडतं. दिवसाला ६ लिटर. उडतं ते शुद्ध पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं, आणि त्या जागी आपण टॉप-अप टाकतो. महिन्याला १८० लिटर टॉप-अप, त्यात लिटरला ११ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे २५० लिटरच्या टँकमध्ये महिन्याला जवळपास ८ पीपीएम भर. वॉटर चेंजचं पाणी वेगळं, तेही याच नळाचं. नानांची दुपारची चिमूट यापुढे काहीच नाही.

हा हिशोब मी कागदावर मांडून नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि संध्याकाळी क्लाऊनला स्वतःच्या हाताने खायला घातलं.

दुसरं दार

तरी एक गोष्ट बसत नव्हती. फॉस्फेट ०.०५ चं पाणी महिनाभर टाकलं तरी टँकमध्ये जेमतेम ०.०३६ ची भर, आणि एवढ्या शेवाळाला ती पुरली असेल असं वाटेना. मग आठवले ते सेकंडहँड रॉक. शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेटला धरून ठेवतं, पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तेव्हा शोषतं आणि कमी झालं की हळूहळू सोडतं. ज्याच्याकडून घेतले त्याच्या टँकमध्ये मोठे मासे होते आणि रोजचं भरपूर खाणं.

खात्री करायला सम्पमधला एक रॉक काढला, घासून स्वच्छ केला, आणि १० लिटर ताज्या मिठाच्या पाण्यात, ते पाणी विकत आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचं, एका छोट्या पंपासोबत झाकण लावून ठेवला. अंधारात, म्हणजे शेवाळाला खायला मिळायला नको. सुरुवातीला फॉस्फेट शून्य, पाच दिवसांनी ०.१८. बादलीत मासा नाही, खाणं नाही, रॉक सोडून काही नाही.

तेव्हा सगळं जुळलं. रॉकमधून फॉस्फेट वर्षभर झिरपतच होतं, पण नायट्रेट इतकं कमी होतं की शेवाळाचं पोट भरत नव्हतं. फेब्रुवारीत व्हॉल्व्ह उघडला आणि नायट्रेटही आलं. एक दार आधीपासून उघडं होतं, दुसरं त्या दिवशी उघडलं. आणि टँकमध्ये शून्य दिसायचं कारण जे येईल ते शेवाळ लगेच खायचं.

एक सांगते, फॉस्फेट मोजायला रंग जुळवायचं किट असेल तर शून्य आणि ०.०३ यातला फरक डोळ्यांना कळत नाही. मी हॅनाचा छोटा चेकर घेतला, अल्ट्रा लो रेंजचा, तो फॉस्फरस पीपीबीत (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवतो, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. २० आलं तर फॉस्फेट ०.०६१. त्यातही पाच पीपीबी इकडेतिकडे होतं, म्हणजे एका रीडिंगवर उड्या मारू नका, काचेच्या कुपीवर बोटाचा डाग असला तरी आकडा बदलतो.

जूनमध्ये केलं ते असं. टँकसाठी वेगळा छोटा आरओ, व्हॉल्व्ह नसलेला, त्यापुढे डीआयच्या दोन नळ्या एकामागून एक, दोन्हीच्या मधे टीडीएस बघायला नळ, म्हणजे पहिली संपली तरी दुसरी सांभाळते आणि आपल्याला आधी कळतं. जुनं टॉप-अपचं पाणी सगळं फेकलं. दर रविवारी वॉटर चेंजच्या वेळी सायफनचा पाइप एका हातात आणि चिमटा दुसऱ्या हातात, उपटलेलं शेवाळ थेट पाइपात, टँकमध्ये एक काडी मोकळी सोडायची नाही. हे काम अर्धं नानांनी केलं, माझ्यापेक्षा हळू आणि माझ्यापेक्षा स्वच्छ.

हे करताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, अत्यंत जहाल विष, १९७१ मध्ये हवाईत त्यांच्याच नात्यातल्या पॅलिथोआमधून पहिल्यांदा वेगळं काढलेलं. झोआ असलेला रॉक ब्रशने कोरडा घासायचा नाही, गरम पाण्यात तर कधीच टाकायचा नाही, वाफेतून घरातल्या सगळ्यांना त्रास होऊ शकतो. नानांना मी हे तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यांनीच मला सांगितलं.

गोगलगाई वाढवल्या, पण शेवाळ बोटभर असताना नाही, कापून बुडख्यापर्यंत आणल्यावर. लांब केस त्या खात नाहीत, खुंट खातात. ब्लेनीचंही तसंच. चरणारे प्राणी किती मोठं काम करतात याचा खऱ्या समुद्रातला दाखला आहे. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधल्या लांब काट्यांच्या, शेवाळ चरणाऱ्या डायडेमा सी अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून जास्त मेल्या. जमैकाच्या रीफवर आधीच मासे अती पकडले गेले होते, वादळंही झाली, आणि पंधरा-सोळा वर्षांत जिवंत कोरल ५० टक्क्यांवरून ५ च्या खाली आणि शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. खायला मिळणं आणि खाणारे नसणं, दोन्ही एकत्र आलं की शेवाळ जिंकतं.

जुलैच्या मध्याला पावसाने हवा दमट झाली, टॉप-अप दिवसाला दोन लिटरवर आलं, शेवाळ रॉकवरून निघून जायला लागलं. आणि गंमत म्हणजे तेव्हाच टँकमधलं फॉस्फेट वाढलं, शून्यावरून ०.१२. घाबरले होते, पण विचार केल्यावर कळलं की ही चांगली खूण आहे, खाणारं शेवाळ कमी झालं म्हणून आता खरा आकडा दिसतोय.

इथे मी थांबायला हवं होतं

०.१२ बघून मी जीएफओ लावलं. लोहाच्या ऑक्साइडचे बारीक दाणे, फॉस्फेट धरून ठेवतात, रिअॅक्टरमध्ये घालून त्यातून पाणी फिरवायचं. हळूहळू उतरवायचं असतं, मी सांगितलेल्या मापाच्या दुप्पट घातलं आणि दोन आठवड्यांनी बदललंही. तीन महिने त्या गवताकडे बघून मनात एकच होतं, हे पुन्हा नको. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फॉस्फेट ०.००, नायट्रेटही ०, आणि या वेळी ते खरंच शून्य होतं.

टँक सुंदर दिसत होता दहा दिवस. मग श्रावणातल्या एका दुपारी नानांचा ऑफिसात फोन आला, "वाळूवर तपकिरी काहीतरी आलंय, लाळेसारखं. सकाळी नसतं गं, दुपारी येतं, आणि बुडबुडे आहेत त्याच्यावर."

सकाळी नसतं, दुपारी येतं, हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी ते डायटम (साधं तपकिरी सूक्ष्म शेवाळ) समजून पुसत बसले असते. संध्याकाळी पाहिलं तर रॉकवरून तपकिरी शेंबडासारख्या दोऱ्या लोंबत होत्या, टोकाला हवेचा थेंब, आणि मश्रूम आक्रसून निम्मे झालेले. चार दिवसांत चार गोगलगाई मेल्या.

एका बाटलीत ते भरून घट्ट झाकण लावून खूप हलवलं, टिश्यूमधून गाळलं आणि गाळलेलं पाणी लाइटखाली ठेवलं. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा दोऱ्या जमल्या. म्हणजे डायनो, डायनोफ्लॅजेलेट, एका पेशीचे सूक्ष्मजीव. माझी एक मैत्रीण बॉटनी शिकवते, तिच्या मायक्रोस्कोपखाली ४०० पटीत बघितलं. तिळासारखे दाणे, एका बाजूला निमुळते, आणि प्रत्येक दाणा अदृश्य दोऱ्याला बांधल्यासारखा त्याच जागी गरागरा फिरत होता. ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोंची ही जात विषारी असते, गोगलगाई त्यानेच गेल्या.

जात ओळखणं इथे महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री रॉक सोडून पाण्यात तरंगतात, त्यामुळे यूव्हीत (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणारं यंत्र) सापडतात. ॲम्फिडिनियम ही दुसरी जात, ते वाळूतच राहतात, त्यांना यूव्ही लावून पैसे वाया. आणि दोन्हीला मोकळं रान मिळालं ते पाणी उपाशी पडल्यामुळे, नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालं की त्यांच्याशी जागेसाठी झगडणारे बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि हे तग धरतात.

म्हणजे आता टँकला खत द्यायचं होतं. शेवाळामुळे चार महिने झोप उडालेल्या माणसाला हे करणं सोपं नाही. जीएफओ काढलं, वॉटर चेंज बंद, आणि मामांना फोन केला, कारण पोटॅशियम नायट्रेट म्हणजे त्यांचं तेरा-झिरो-पंचेचाळीस आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट म्हणजे झिरो-बावन्न-चौतीस, दोन्हीची पोती त्यांच्या शेडमध्ये असतात. ते म्हणाले ये घेऊन जा, मूठभर लागत असेल तर. पण शेतीच्या ग्रेडमध्ये बाकी काय काय आहे ते माहीत नसतं, तांब्याचा अंश जरी असला तरी गोगलगाई आणि कोरल जातील, म्हणून लॅब ग्रेडच आणलं, अर्धा-अर्धा किलो, जन्मभर पुरेल.

हिशोब देते. पोटॅशियम नायट्रेटमध्ये वजनाच्या सुमारे ६१ टक्के नायट्रेट, म्हणून २५० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला साधारण ४१० मिलिग्रॅम. मोनोपोटॅशियम फॉस्फेटमध्ये जवळपास ७० टक्के फॉस्फेट, म्हणून ०.०१ पीपीएमला फक्त ३.६ मिलिग्रॅम, ते घरच्या काट्यावर तोलता येत नाही, त्यामुळे ३.६ ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवून ठेवलं, १ मिलि म्हणजे ०.०१ पीपीएम. तुमचा टँक १२५ लिटरचा असेल तर सगळं निम्मं. नायट्रोजन-फॉस्फरसचं सोळाला एक हे प्रमाण गाठायच्या मागे लागू नका, रेडफिल्डने ते उघड्या समुद्रातल्या प्लँक्टनमध्ये मोजलं होतं, आपल्या टँकसाठी ते टार्गेट नाही. दोन्ही शून्याच्या वर राहिले पाहिजेत, बस.

पहिला आठवडा रोज ३ मिलि फॉस्फेट टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.००. रॉक परत शोषत होते. आठव्या दिवशी ०.०२ आलं. यूव्ही १८ वॅटचा, पाणी सम्पमधून न घेता थेट टँकमधून आणि अगदी सावकाश, चोवीस तास. गणपती बसले तेव्हा दोऱ्या अजून होत्या पण दुपारी उशिरा यायच्या, पितृपक्षात कोपऱ्यात राहिल्या, दसऱ्याला मी वाळू सगळीकडून हलवून बघितली, काही नव्हतं.

आज नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०६ ते ०.०८. जीएफओ लावते ते मापाच्या निम्मं, आणि रीडिंग ०.१ च्या वर गेलं तरच. टँकमधलं पाणी सम्पमध्ये सांडतं त्या ओव्हरफ्लोच्या दातांवर थोडं हिरवं आहे, ते राहू दिलंय. डावीकडच्या रॉकवर झोआंची तोंडं काल नानांनी मोजली, २३.

टीडीएसचा पेन आता फ्रिजवर लटकवलेला असतो आणि दर शनिवारी नाना दोन नळ्यांच्या मधलं पाणी तपासून कॅलेंडरवर आकडा लिहितात, दुधाच्या हिशोबाच्या खाली. सम्पमधले दोन रॉक अजून बाल्कनीत झाकणाच्या बादलीत भिजत आहेत, दर पंधरा दिवसांनी पाणी बदलतो. पहिल्याचं रीडिंग ०.१८ वरून ०.०७ ला उतरलंय. दुसरा अजून ०.११ ला अडकलाय, त्याला टँकमध्ये यायला वेळ आहे.